केक सगळ्यांचा: अंडं नाही, ओव्हन नाही, वर ठिपक्यांची रांगोळी



घरात कुणाचा वाढदिवस जवळ आला की पहिला प्रश्न काय असतो? "केक कुठला आणायचा?" चॉकलेट की बटरस्कॉच, अर्धा किलो की एक किलो, वर नाव लिहायचं की फोटो लावायचा. या सगळ्यात एक प्रश्न मात्र राहून जातो: हा केक आपल्या घरातले सगळे खाणार आहेत का?

जरा मनातल्या मनात मोजून बघा. आजी अंडं खात नाहीत. आजोबांना साखरेचा त्रास आहे. काकूंना बाहेरचं शिजवलेलं चालत नाही. धाकट्याला क्रीम आवडत नाही, तो फक्त वरची चेरी काढून पळतो. दहा माणसांच्या घरात टाळ्या दहा जण वाजवतात आणि केक सहा जण खातात. उरलेले चार जण "तुम्ही खा, आम्हाला नको" असं हसून म्हणतात. आपणही ते पटकन मान्य करतो.

आजचा लेख त्या चार जणांसाठी आहे. घरी केक करण्याचं खरं कारण पैसे वाचवणं किंवा फोटो काढणं नाही. आपल्या माणसांना काय चालतं, हे दुकानापेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. ती माहिती वापरायची, एवढंच.

कुंभकोणम, मराठी आणि केक?

नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. हा लेख तामिळनाडूतल्या कुंभकोणमहून लिहिला जातोय. इथे मराठी कशी, असा प्रश्न पडला असेल तर थोडं मागे जावं लागेल. सतराव्या शतकात, १६७० च्या दशकात, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी तंजावर घेतलं. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते संस्थान खालसा करेपर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. त्या काळात आलेली मराठी घराणी तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ चा, आणि तोही कुंभकोणमचाच.

या घरांमध्ये आजही घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ चालते. स्वयंपाकही तसाच. उडदाच्या डांगराला इथे 'डांगर पचडी' म्हणतात. पुरणपोळीतली पोळी तमिळमध्ये 'पोळी' म्हणूनच मिठाईच्या दुकानात विकली जाते. दुसऱ्याचा पदार्थ घ्यायचा आणि आपल्या घराला चालेल असा करायचा, हे इथे साडेतीनशे वर्षं चालू आहे. केकचंही तसंच करायचं.

आणि हे काही फक्त आपल्यालाच सुचलेलं नाही. केरळमधल्या तलश्शेरीला १८८३ मध्ये मंबल्ली बापू नावाच्या बेकरीवाल्याने मर्डोक ब्राउन या इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला. परदेशी ब्रँडीऐवजी त्यांनी तिथलीच काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची दारू वापरली, असं सांगतात. मुंबईतल्या इराण्यांनी केकमध्ये खवा घातला आणि मावा केक जन्माला आला. गोव्यात रवा आणि नारळ घालून 'बात' नावाचा केक करतात, ख्रिसमसला तो हवाच. म्हणजे केक जिथे गेला तिथलं धान्य, तिथलं दूध, तिथलं फळ त्याने घेतलं. मग आपल्याकडे त्याने दही आणि फिल्टर कॉफी का घेऊ नये?

अंडं काढलं तर केक फुगतो का?

फुगतो. फक्त अंडं केकमध्ये काय काम करतं ते समजून घ्यायला हवं. अंडं हवा धरून ठेवतं, ओलावा देतं, तेल आणि पाणी एकत्र बांधतं आणि भाजताना घट्ट होऊन केकला आकार देतं. ही चार कामं आपण वाटून देतो.

फुगवण्याचं काम दही आणि खाण्याचा सोडा मिळून करतात. दह्यातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तयार होतात. सोबत थोडी बेकिंग पावडर मदतीला असते. ओलावा दही आणि तेल देतात. आकार धरण्याचं काम मैदा करतो. म्हणूनच अंड्याशिवायच्या केकमध्ये मैद्याचं माप चुकवून चालत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. अंडं घातलेला केक "यात काही नाही हो, खा" म्हणून कुणालाही देऊ नका. कुणी अंडं का खात नाही हा त्यांचा प्रश्न आहे. पण एकदा फसवणूक कळली की ती व्यक्ती आपल्या हातचं काहीच खात नाही, चहासुद्धा विचारून घेते. दुकानातून तयार साहित्य आणताना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. आपल्याकडे अंडं असलेल्या पदार्थाला हिरवा ठिपका मिळत नाही. मार्शमेलो, मूस आणि जेलीसारख्या सजावटीच्या वस्तूंमध्ये जिलेटिन असू शकतं. ते प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे तिथेही ठिपका तपासा.

फिल्टर कॉफीचा केक

कुंभकोणमचं नाव घेतलं की डिग्री कॉफी आठवते: पितळी डबरा-टंबलर, घट्ट दूध आणि फिल्टरमधून उतरलेलं पहिल्या धारेचं दाट डिकॉक्शन. तेच डिकॉक्शन आपण केकमध्ये घालणार आहोत. तुमच्याकडे फिल्टर नसेल तर पाव कप गरम पाण्यात दोन टीस्पून इन्स्टंट कॉफी विरघळवा. लहान मुलांसाठी करताना डिकॉक्शनऐवजी तेवढंच दूध घाला, बाकी कृती तीच.

साहित्य (कप म्हणजे २४० मिलीचा):

मैदा – दीड कप (सुमारे १९० ग्रॅम)
पिठीसाखर नव्हे, साधी बारीक साखर – पाऊण कप (१५० ग्रॅम)
ताजं, घट्ट, फार आंबट नसलेलं दही – पाऊण कप
दाट डिकॉक्शन, पूर्ण गार केलेलं – पाव कप
वासाचं नसलेलं तेल – अर्धा कप
बेकिंग पावडर – सव्वा टीस्पून
खाण्याचा सोडा – अर्धा टीस्पून
वेलची आणि जायफळाची पूड – मिळून अर्धा टीस्पून
मीठ – चिमूटभर

कृती:

१. सात इंची भांड्याला आतून तेल लावा, तळाशी बटर पेपर ठेवा.

२. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्या. सोडा एका जागी राहिला तर तिथे केक कडवट आणि पिवळट लागतो, म्हणून ही पायरी टाळू नका.

३. दही आणि साखर एकत्र फेटा. साखर विरघळली की तेल, डिकॉक्शन आणि वेलची-जायफळ घाला.

४. आता भांडं आधी गरम करायला ठेवा, मगच कोरडं मिश्रण ओल्यात घाला. दोन-तीन भागांत घालून हलक्या हाताने एकत्र करा. गुठळी दिसली नाही की थांबा. इथे जास्त फेटलं तर केक चिवट होतो.

५. मिश्रण लगेच भांड्यात ओता आणि भाजायला ठेवा. सोड्याचे बुडबुडे वाट बघत बसत नाहीत.

ओव्हन असेल तर १८० अंश सेल्सिअसला ३० ते ३५ मिनिटं. ओव्हन नसेल तर जुनी जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या, तळाशी दीड-दोन कप जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं. अर्ध्या तासाच्या आत झाकण उघडू नका. प्रेशर कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबराची रिंग दोन्ही काढलेली असली पाहिजे. रोजच्या वापरातला कुकर मात्र रिकामा तापवू नका, तो खराब होतो. जुनी कढईच बरी.

मध्यभागी काडी घालून बघा. ती कोरडी आली की केक झाला. दहा मिनिटांनी भांड्यातून काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम केकवर सजावट केली तर ती वितळून खाली येते. शक्य असेल तर केक आदल्या दिवशी करून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी कॉफीचा स्वाद जास्त चांगला लागतो.

आणि आप्पेपात्रातले छोटे केक

हेच मिश्रण आप्पेपात्रातही होतं. प्रत्येक खळग्यात थेंबभर तेल, पाऊण भरेल एवढं मिश्रण, झाकण आणि अगदी मंद आच. सहा-सात मिनिटांनी उलटा, आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा. हे छोटे केक फार कामाचे असतात. ज्यांना सोवळ्यातलं किंवा वेगळ्या भांड्यातलंच चालतं त्यांच्यासाठी आधी वेगळे काढून ठेवता येतात. ज्यांना थोडंच खायचं आहे त्यांना एक घास पुरतो. आणि शाळेत वाटायला सुरीही लागत नाही.

मधुमेह असलेल्यांबद्दल एक शब्द. साखरेऐवजी गूळ किंवा इथली करुपट्टी, म्हणजे ताडगूळ, घातला की केक "चालतो" असा समज आहे. तो खरा नाही. गुळानेही रक्तातली साखर वाढते आणि मैद्यानेही. त्यांच्यासाठी वेगळा केक करण्यापेक्षा छोटा तुकडा, वर सजावट न केलेला, जेवणाचा भात तेवढा कमी करून, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं असेल त्या मर्यादेत, हे जास्त प्रामाणिक आहे.

ज्या आजी कॉफी करायला उठतात

मागच्या वर्षी आमच्या गल्लीत एका घरी बाळाचा पहिला वाढदिवस होता. सकाळी आयुष्यहोम झाला, पायसम झालं, केळीच्या पानावर पंगत झाली. या सगळ्यात पाट्टी, म्हणजे बाळाची पणजी, मध्यभागी होत्या. संध्याकाळी बाहेरून मोठा केक आला. दिवे मालवले, गाणं सुरू झालं. केक कापताना पाट्टी हळूच उठून आत गेल्या. कुणीतरी हाक मारली तर आतून आवाज आला, "कॉफी ठेवते सगळ्यांना." सकाळच्या समारंभात ज्यांच्या आशीर्वादाशिवाय काही हललं नव्हतं, त्यांना संध्याकाळी करण्यासारखं फक्त कॉफीच उरली होती.

कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. कुणाचा हेतूही वाईट नव्हता. पण त्या खोलीत त्यांना चालेल असं काहीच नव्हतं.

या वर्षी त्या घरच्या मामींनी केक घरी केला, दह्याचा. आणि वरची सजावट करायला पाट्टींना बसवलं. "मला काय येतं त्यातलं?" असं त्या म्हणाल्या खऱ्या. पण कागदाचा कोन हातात दिल्यावर त्यांनी आधी पाच ठिपके दिले, मग वर तीन, मग एक. पुढचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. सत्तर वर्षं रोज पहाटे दारात कोलम काढणारा हात तो!

तेव्हापासून मला वाटतं, केक सजवायचं कौशल्य आपल्या घरांत आधीपासूनच आहे. आपण फक्त त्याला वेगळं नाव देतो.

केकवर ठिपक्यांची रांगोळी

कोलम म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. तमिळमध्ये ठिपक्याला 'पुळ्ळी' म्हणतात. इथे दारातली रांगोळी तांदळाच्या पिठाची असते, मुंग्यांनी आणि चिमण्यांनी ती खावी म्हणून. सणाला भिजवलेले तांदूळ वाटून ओलं कोलम काढतात, त्याला माकोलम म्हणतात. म्हणजे खाण्याच्या वस्तूने नक्षी काढायची ही पद्धत जुनीच आहे.

आधी केकवर चॉकलेटचा गडद थर हवा, त्यावर पांढरी रेघ उठून दिसते. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. १०० ग्रॅम साधं फ्रेश क्रीम उकळी येण्याआधी उतरवून त्यावर ओता, दोन मिनिटं थांबा आणि मधून बाहेर असं ढवळा. हे गनाश. उन्हाळ्यात क्रीम ७० ग्रॅमच घ्या, म्हणजे थर घट्ट बसतो. कोमट झालं की केकवर ओता आणि पसरा.

पांढऱ्या रेघेसाठी ५० ग्रॅम व्हाइट चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवा, चार थेंब तेल घाला. वाटीत पाण्याचा एकही थेंब जाता कामा नये, नाहीतर चॉकलेट गोळा होतं. बटर पेपरचा कोन करा, टोक अगदी थोडं कापा.

केकवर जाण्याआधी सराव करा. स्टीलचं ताट उलटं ठेवा, तांदळाच्या पिठाची दाटसर पेस्ट कोनात भरा आणि ताटावर काढा. पुसा, पुन्हा काढा. तीन-चारदा केलं की हात बसतो.

सोपी नक्षी: मधल्या ओळीत ५ ठिपके, तिच्या वर आणि खाली ३-३, मग वर आणि खाली १-१. एकूण १३ ठिपके, चौकट उभी केल्यासारखी दिसते. मग एका टोकापासून रेघ सुरू करा आणि ठिपक्यांना वळसे घालत परत तिथेच आणा. वळसे जमत नसतील तर ठिपके सरळ रेघांनी जोडा, तेही छान दिसतं. रेघ काढताना कोनाचं टोक केकला टेकवू नका, थोडं वर धरा आणि चॉकलेटची धार खाली पडू द्या. ज्यांनी रांगोळी काढली आहे त्यांना हे लगेच कळेल, कारण चिमटीतून पीठ सोडतानाही बोटं जमिनीला टेकत नाहीत.

इथे कोलमभोवती गेरूची लाल किनार काढतात. केकवर ती डाळिंबाच्या दाण्यांची करा. कोरडे पुसलेले दाणे, अगदी शेवटी. रंगही मिळतो आणि बाटलीतला रंग वापरावा लागत नाही.

उकाडा, दमटपणा आणि क्रीम

कावेरीच्या काठी मे महिन्यात पारा ३८ अंशांच्या आसपास जातो आणि वर दमट हवा. मुंबई, कोकण, नागपूरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. लोण्याचं फॅट ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं, आणि त्याआधीच मऊ पडायला लागतं. म्हणून बटरक्रीमची फुलं आपल्याकडे पंख्याखालीसुद्धा मान टाकतात. यात तुमचा हात वाईट नाही, हवामानच तसं आहे.

साध्या २५ टक्के फॅटच्या क्रीमला कितीही फेटलं तरी ते उभं राहत नाही, त्याला ३० ते ३५ टक्के फॅट लागतं. म्हणून ते क्रीम गनाशसाठीच ठेवा. बाजारातलं वनस्पती तुपाचं व्हिपिंग क्रीम उन्हाळ्यात जास्त टिकतं, पण त्याचं लेबल वाचून घ्या. २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे, ती पाळलेलं आणि चांगल्या कंपनीचं असावं.

केक फ्रीजमधून बाहेर काढला की दमट हवेत त्यावर पाण्याचे थेंब जमतात. म्हणून पिठीसाखरेची सजावट आधी करून ठेवू नका, ती विरघळून जाते. व्हाइट चॉकलेटची रेघ मात्र टिकते. क्रीमचा केक बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि खोलीत ३२ अंशांपेक्षा जास्त उकाडा असेल तर एका तासात संपवा किंवा आत ठेवा. पाहुणे उशिरा येणार असतील तर केक पाहुण्यांनंतर बाहेर येऊ दे.

जे केकवर कधीच नको

फुलं: बाजारातली पूजेची फुलं केकवर खोचू नका. त्यांच्यावर फवारणी असू शकते आणि काही फुलं विषारीही असतात. कण्हेर, जिला इथे अरळी म्हणतात आणि जी हारात सर्रास असते, ती विषारी आहे. सदाफुलीही खाण्याची नाही. घरच्या कुंडीतल्या, औषध न मारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या धुऊन, पुसून वापरा.

रंग: तामिळनाडूत फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉटन कँडीवर, म्हणजे म्हातारीच्या केसांवर, बंदी आली. कारण त्यात कपडे रंगवायचा रोडामाइन-बी हा रंग सापडला होता. सुटा, बिनलेबलचा रंग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. बीट, हळद, पालक, केशर आपल्याकडे आहेतच, रंग थोडा फिकट येईल इतकंच.

चमकी: सोनेरी पावडरच्या डबीवर 'नॉन टॉक्सिक' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'खाण्याची' असा होत नाही. 'एडिबल' किंवा 'खाद्य' असं लिहिलेलं आणि अन्न परवाना क्रमांक असलेलीच वापरा.

स्प्रे: वाढदिवसाला उडवतात तो फेसाचा स्प्रे ज्या वायूने बाहेर पडतो तो पेट घेणारा असतो. जळत्या मेणबत्तीजवळ तो कधीही उडवू नका. मुलांच्या हातात तर मुळीच नको.

फुंकर की औक्षण?

बऱ्याच घरांत मोठ्यांना दिवा फुंकून विझवणं आवडत नाही. शुभ दिवशी दिवा लावायचा की विझवायचा, असं त्या विचारतात, आणि प्रश्न काही चुकीचा नाही. त्यांच्या बाजूने विज्ञानही थोडंसं उभं आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात २०१७ मध्ये प्रयोग करून पाहिला, तेव्हा मेणबत्त्या फुंकल्यावर आयसिंगवरचे जीवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी, म्हणजे पंधरा पटींनी, वाढलेले आढळले. निरोगी माणसाला त्याने लगेच काही होतं असं नाही. पण घरात सर्दी-खोकला असेल तर विचार करावा.

यावर आपल्याकडे तोडगा तयार आहे: औक्षण. निरांजन लावा, ओवाळा, मग केक कापा. मुलांना मेणबत्ती हवीच असेल तर ती वेगळ्या छोट्या केकवर लावा. आप्पेपात्रातला एक त्यासाठीच राखून ठेवा. फुंकलेला केक ज्याचा वाढदिवस आहे त्याचा, मोठा केक सगळ्यांचा.

इथे जवळच तिरुक्कडैयूर आहे. साठी आणि ऐंशीचे सोहळे करायला दुरून कुटुंबं तिथे येतात. चेन्नईची, पुण्याची, परदेशातली नातवंडं एकत्र जमतात आणि संध्याकाळी केक हवा असा हट्ट धरतात. अशा वेळी उत्सवमूर्ती असलेल्या आजी-आजोबांनाच जर तो केक चालत नसेल, तर तो कुणासाठी कापायचा? साठीचा केक करणार असाल तर आधी त्यांना विचारा, मग मैदा चाळा. आणि तो दिवस एकादशीचा नाही ना, तेही पंचांगात बघून घ्या. नाहीतर सगळं जमवूनही आजी हात जोडतील.

जाता जाता

पुढच्या समारंभाआधी एक छोटी यादी करा. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि समोर एकच गोष्ट: यांना कोणता तुकडा चालेल? एखाद्या नावासमोरची जागा रिकामी राहिली तर केकची कृती बदला, माणूस बदलू नका.

रेघ थोडी वाकडी आली, एखादा ठिपका फिसकटला, तरी चालेल. दारातली रांगोळीही रोज नव्याने काढावी लागते. आणि सजावटीला घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईंना बसवायला विसरू नका. त्यांना "मदत कराल का?" असं विचारू नका. कोन हातात द्या आणि सांगा, "तुम्ही काढा, मी बघते."

पुढच्या वेळी भेटू या रवा-नारळाच्या केकसह. तोवर दही लावून ठेवा!